बारा पूर्णांक दोन

इथे जुलै म्हणजे कडाक्याची थंडी.
ओहाऊ तळ्याच्या काठावर आमची गाडी उभी,
छपरावरच्या सोलर पॅनलवर हिमाचा पापुद्रा.
शिडीवर चढून रोज सकाळी तो मी
प्लास्टिकच्या उलथन्याने खरवडतो,
आणि आतून नोला विचारते,
"उन्हाला निमंत्रणपत्रिका पाठवलीस का?"

चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवला
डिझेलच्या काट्यावर नजर ठेवून.
आता पलंगाखाली दोन बॅटऱ्या,
काट्याच्या जागी आकडे.
बारा पूर्णांक सात: पोट भरलेलं.
बारा पूर्णांक दोन: अर्धं. इथे थांबायचं.
याच्या खाली पुन्हा पुन्हा गेलं
की शिसं रुसतं,
आणि रुसलेलं शिसं
कुणाच्याही समजुतीने माघारी येत नाही.

म्हणून इन्व्हर्टर बंदच ठेवतो.
काही न जोडताही तो आपला गुरगुरत
थोडं थोडं खात राहतो.
आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं;
मी आधी कुत्र्याला बाहेर घालवतो.

केस वाळवायचं यंत्र?
इंजिन चालू असेल तर. पाच मिनिटं.
शिवणाचं मशीन? ऊन डोक्यावर आलं की.
टोस्टर? नोला, पाव गॅसवर भाज ना.
एवढ्या संसारात माझ्या तोंडून
इतके नकार तिने ऐकले नव्हते.
"अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल," ती म्हणते,
"पण तू तर अंथरुणाची रोज पट्टीने मापं घेतोस."

दर महिन्याला झाकणं उघडून
डिस्टिल्ड पाणी घालतो, चमच्या-चमच्याने,
आजारी वासराला पाजावं तसं.
टर्मिनलवर धरलेली हिरवट पांढरी बुरशी
सोड्याच्या पाण्याने घासतो.
(तो दात घासायचा ब्रश कुणाचा होता
हे नोलाने अजून विचारलेलं नाही.)
वर व्हॅसलीनचं एक बोट.

मंगळवारी रात्री उणे आठ.
दारावर थाप.
शेजारच्या व्हॅनमधला ऑबरी टिंडल,
पायजम्यावर ओव्हरकोट, ओठ निळे.
झोपेत श्वास चालू ठेवणारं त्याचं यंत्र
बंद पडलं होतं.
"बॅटरीत पाणी कधी घातलं होतंस?"
"पाणी घालायचं असतं?"
मी काही बोललो नाही.
बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत,
कडक झालेल्या गवतावरून, पिवळी केबल.
इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागला.
"रात्रभर?" नोला उशीतूनच म्हणाली.
"रात्रभर."

मग आकडा बघत बसलो.
एक वाजता बारा पूर्णांक चार.
ऑबरीचा श्वास इथवर ऐकू येत नव्हता,
ऐकू येत होती फक्त पंख्याची गुरगुर.
ही चालू आहे म्हणजे तो चालू आहे,
एवढंच कळत होतं.
तीन वाजता बारा पूर्णांक दोन.
बोट स्विचपाशी का गेलं
ते मलाही सांगता येणार नाही.
परत आलं, एवढं खरं.
मॉनिटरवर मी नोलाची लोकरी टोपी चढवली
आणि भिंतीकडे तोंड करून पडलो.
पाच वाजता टोपीखाली डोकावलो:
अकरा पूर्णांक नऊ.

सकाळी ऑबरी आला.
केबल नीट वेटोळी करून आणलेली,
सोबत आल्याची बिस्किटं, निम्मा चुरा.
"फार दिवसांनी इतका छान झोपलो," म्हणाला, "तुम्ही?"
मी डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणि चमचा
त्याच्या हातात दिला.

इंजिन सुरू केलं. तळ्यावरची बदकं उडाली,
चार गाड्यांचे पडदे हलले.
"इंजिन चालू आहे," नोला म्हणाली, जणू मला माहीत नाही.
केस तिने धुतलेलेच नव्हते.
पलंगाच्या कडेला बसून तिने ते यंत्र
माझ्या बधिर पायांवर धरलं.

पाच मिनिटं झाली.
सात झाली.
मी घड्याळ पाहिलं,
आणि आकडा सांगितला नाही.